हार्टच्या गोळ्या चालू आहेत? मग या चुका टाळा

मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि हार्टच्या पेशंटचे तेच तेच घोटाळे बघून आता खरंच जीव मेटाकुटीला आलाय. लोकांना वाटतं की सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी विसरणं. एखादी विसरलेली गोळी बहुतेक वेळा निभावून जाते हो, पण मनाने घेतलेला निर्णय निभावत नाही. "आता बरं वाटतंय, बंद करून बघू", "आज जरा जास्त होतंय, अजून एक घेऊ", "त्यांना पण हार्टचाच त्रास आहे, त्यांची गोळी चालेल". इमर्जन्सीत येणाऱ्या किती जणांची गोष्ट यातल्याच एका वाक्याने सुरू होते.

बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं

ही चूक माझ्या घरातच झालीय. माझे मामा, वय ६८, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आणि बीपी दोन्ही, मेटोप्रोलॉल तीन वर्षं रोज एक. घरी बीपीचं मशीन आणल्यावर रोज वहीत आकडे लिहायचे. एकदा ११८/७६ आलं, पल्स ५८, आणि त्यांनी ठरवलं की आपण आता नॉर्मल झालो, मग रोज गोळी कशाला पोटात घालायची. मला सांगितलं नाही, मामींनाही नाही. रविवारपासून बंद. गुरुवारी सकाळी जिना चढताना छातीत दडपण आलं, घाम फुटला, हॉस्पिटलला नेलं तेव्हा पल्स १२४ आणि बीपी १७८/१०४. डॉक्टरांनी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर मामींनी पर्समधून स्ट्रिप काढली. मामींची सवय अशी की स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहून ठेवायचे. रवि, सोम, मंगळ, बुध, चारही गोळ्या जागच्या जागी होत्या. मामी त्या स्ट्रिपकडे बघत राहिल्या, मामा दुसरीकडे.

ते वाचले, पण पाच दिवस आयसीयूत काढले.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे नुसती भीती राहणार नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे, हे हृदयावर होणारा अ‍ॅड्रेनालिनचा मारा अडवतात. बरेच महिने मारा अडला की हृदय त्या अ‍ॅड्रेनालिनसाठी जास्त हळवं होतं, आणि अडवणारी गोळी एकदम काढून घेतली की तोच मारा दुप्पट जोराने बसल्यासारखं होतं. पल्स पळते, अंजायना उसळतो, काहींना अटॅकही येतो. म्हणून ही गोळी खरंच थांबवायची असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, साधारण एक ते दोन आठवडे घेऊन. आणि तो ११८/७६ चा आकडा गोळीमुळेच आलेला होता! आकडा चांगला आला म्हणजे गोळी काम करतेय, तिचं काम संपलं असं नाही.

गोळीचा त्रास होत असेल, थकवा, हातपाय गार पडणं, चक्कर, पुरुषांना लैंगिक अडचण, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजून गप्प बसायचं आणि गोळी गुपचूप सोडायची, हे मी फार बघते. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांमुळे काहींना कोरडा खोकला लागतो, आणि लोक महिनोन्महिने कफ सिरपच्या बाटल्या रिचवत बसतात, पण एकदा सांगितलं असतं तर दुसऱ्या प्रकारची गोळी मिळाली असती.

स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी, बसवलाय त्यांनी इथे दोनदा वाचा. क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर आणि अ‍ॅस्पिरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. दात काढायचाय म्हणून नाही, हिरड्यांतून थोडं रक्त आलं म्हणून नाही, प्रवासात संपल्या म्हणून तर अजिबात नाही. नवीन स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती थेट अटॅक देते. दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगा, ते आणि कार्डिओलॉजिस्ट आपसात बोलतील, मधल्या मध्ये तुम्ही ठरवू नका.

एकच औषध दोन नावांनी घेणं

हा माझा दुसरा डोकेदुखीचा विषय. एकदा एक आजी माझ्या काउंटरवर आल्या, सोबत नातू, हातात प्लास्टिकची पिशवी. दोन आठवड्यांपूर्वी डिस्चार्ज मिळालेला आणि तेव्हापासून उठलं की डोळ्यापुढे अंधारी. म्हटलं पिशवीतलं सगळं इथे ओता. अकरा स्ट्रिपा निघाल्या, अर्ध्याअधिक कात्रीने कापलेल्या, दोनतीन तुकड्यांवर नावच नाही. मी एकेक उलटी करून बारीक अक्षरं वाचत गेले तर दोन वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या कंपनीच्या स्ट्रिपांवर आतलं औषध एकच, मेटोप्रोलॉल. एक घरातली जुनी, एक डिस्चार्जच्या कागदावरची नवी. दोन्ही इमानेइतबारे रोज घेतलेल्या. पल्स बघितली तर ४२. तशीच व्हीलचेअर मागवून वर पाठवलं.

त्या आजींची काहीच चूक नव्हती. "जुनी बंद करा" हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं आणि ते सांगायचं काम आमच्यासारख्यांचं असतं. पण आम्ही विसरलो तरी तुम्ही विचारा. डिस्चार्जच्या दिवशी घरातली जुनी पिशवी उचलून आणा, नवीन कागदाशेजारी ठेवा आणि विचारा की यातलं काय चालू, काय बंद. दहा मिनिटं जातात. घरी जायची घाई सगळ्यांना असते, मला कळतं, पण ही दहा मिनिटं सोडू नका.

माझी स्वतःची सवय सांगते. कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव मी बघतच नाही, त्याखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम बघते. आणि स्ट्रिप कापायचीच असेल तर नाव आणि एक्स्पायरी असलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायची, दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

विसरलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. रोज एकची गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या.

नावापुढे एक्सएल, ईआर किंवा एसआर लिहिलेली गोळी कुटायची नाही, चावायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम रक्तात उतरतं. गिळायला जमत नसेल तर सांगा, दुसरा प्रकार मिळतो.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. "साधी पेनकिलर" असं काही हार्टच्या पेशंटला नसतं.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड वगैरे, शक्यतो सकाळी घ्या नाहीतर रात्रभर उठबस. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणं, असेल तर रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता फोन करा.

वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नसतात, प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं. एक आठवडा शून्य आणि पुढच्या आठवड्यात भरपूर असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा टेस्टचा आकडा, खालीवर होतो. बऱ्याच पेशंटसाठी तो २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, तुमचा आकडा किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि टेस्टची तारीख चुकवू नका.

छातीत दुखलं की घ्यायच्या जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीबद्दल मात्र थांबून सांगते. ही गोळी बसून घ्यायची, उभ्याने घेतली तर बीपी उतरून माणूस कोसळतो. गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. पाच मिनिटांत छातीतलं दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, "थोडं बघू" नको. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या त्यांच्या काचेच्या बाटलीतच ठेवा, प्लास्टिकच्या डबीत काढल्या की जोर कमी होतो आणि हे नेमकं गरजेच्या वेळी कळतं. आणि सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक अडचणीवरच्या गोळ्या) घेतलं असेल तर ही गोळी घेऊ नका, बीपी धोकादायक खाली जातं. डॉक्टरांना हे सांगायला संकोच करू नका, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनाही सांगा.

नवीन पेशंटची घाई हा अजून एक प्रकार. बीपीची गोळी सुरू होऊन तीन दिवस नाही झाले की दिवसातून दहादा मशीन लावायचं आणि "काही फरक नाही, डोस वाढवा". बऱ्याच गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. हार्ट फेल्युअरमध्ये तर बीटा ब्लॉकर मुद्दाम अगदी कमी डोसने सुरू करून साधारण दोन दोन आठवड्यांनी वाढवतात, सुरुवातीला थोडा थकवा जास्तही वाटतो. धीर धरा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मग मोजा, आणि लिहून ठेवा.

मामींनी आता स्ट्रिपवर वार लिहिणं सोडलं नाहीये, पण सोबत एक कार्ड केलंय, मामांच्या पाकिटात असतं. औषधाचं खरं नाव, मिलिग्रॅम, किती वाजता, कशासाठी, आणि कशाची अ‍ॅलर्जी. औषध बंद झालं की खोडून टाकत नाहीत, एक आडवी रेघ मारून बाजूला तारीख आणि कुठल्या डॉक्टरांनी बंद केलं ते लिहितात. मागच्या वेळी कार्डवर एक रेघ होती आणि बाजूला डॉक्टरांचं नाव नव्हतं, तर मामींनी मामांसमोरच मला फोन लावला.