फिडलवाल्याच्या खुर्चीत बसू नका : इंग्लंडमधल्या छोट्या पबात या चुका टाळा

दर सप्टेंबरला पुण्या-मुंबईहून नवी पोरं शेफिल्डला शिकायला येतात आणि महिन्याभरात कोणीतरी विचारतंच, "दादा, इथला खरा पब दाखवा ना. मॅचवाले, मोठ्या स्क्रीनवाले नकोत." मग मी त्यांना एखाद्या दोन खोल्यांच्या, गालिचा झिजलेल्या पबात नेतो. तिथे आठवड्यातून एकदा फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) घेऊन माणसं जमतात. तिथे पोचल्यावर ही पोरं त्याच चुका करतात ज्या मी आल्या आल्या केल्या होत्या. गुन्हा कुठलाच नाही, पण संध्याकाळ वाया जाते.

टेबलावर बसून वेटरची वाट पाहणं

ही परमिट रूमची सवय. बसायचं, शेंगदाण्याची वाटी येणार, मग कोणीतरी वही काढणार. इथे कोणीही येत नाही. एक मित्र वीस मिनिटं ताटकळला आणि "आपल्याला मुद्दाम टाळतायत" असं ठरवून उठायला निघाला होता. बिचाऱ्या बारवालीला वाटत होतं की हा कोणाची तरी वाट बघतोय.

काउंटरवर आपण जायचं, सगळ्यांचं एकदम सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. गिनेससारखा स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर, हवा असेल तर तो आधी सांगा, कारण तो निवळायला वेळ लागतो. काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. कोण कोणाच्या आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बारवाल्याने तुमच्याकडे पाहिलं आणि शेजारचे काका तुमच्या आधीचे असतील, तर "हे आधी" म्हणा. तेवढ्याने त्या पबात तुमची जी पत वाढते ती टिप देऊन वाढत नाही. टिपची पद्धत तशी नाहीच. फार खूश झालात तर "तुमच्यासाठीही एक घ्या" म्हणायचं.

राउंडचा घोळ मात्र आपल्याकडून हमखास होतो. इथे चौघे असतील तर पहिला सगळ्यांचं आणतो, मग दुसरा. आपण एक तर आपापलं बिल देतो, नाहीतर "मी देतो, नाही मी देतो" अशी लग्नाच्या हॉलवर होते तशी झटापट करतो. झटापट नको. समोरच्याने आणलं तर घ्या आणि त्याचा ग्लास संपत आला की उठा. एकच पिणार असाल तर सुरुवातीलाच राउंडच्या बाहेर राहतो म्हणून सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. तीन राउंड पिऊन स्वतःची पाळी आल्यावर बस पकडायला धावणारा मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

"बिअर गरम आहे, बदलून द्या"

एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, तिची पहिली चव घेऊन निम्मी माणसं हेच म्हणतात. गरम नाही, मंडळी. ती ११ ते १३ अंश सेल्सियसला दिली जाते, तळघरातल्या माठाच्या पाण्याइतकी गार म्हणा. आपण बर्फगार लागरवर वाढलो. इतक्या थंडाव्यात जिभेला फक्त थंडावाच कळतो. एलमधला माल्टचा भाजका गोडवा आणि हॉप्सचा कडूपणा त्याच्या आत गारठून बसतो.

काउंटरवर लांब लाकडी दांडे दिसतात, ते हातपंप. आपल्याला हातपंप म्हटलं की गावातली बोअरवेल आठवते, आणि खरं सांगायचं तर काम तेच. खाली तळघरात पिंप असतं, त्यातली एल हाताने ओढून वर आणायची, गॅसच्या दाबाने नाही. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरातच होतो, म्हणून फसफसणं अगदी हलकं असतं. "हिच्यात सोडाच नाही" ही तक्रार म्हणजे ताकाला फेस नाही म्हणून रुसण्यासारखं आहे.

मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत जवळजवळ मोडीत काढून गाळलेली, गॅस भरलेली बिअर सगळीकडे पोचवली, तेव्हा १९७१ साली चौघा मित्रांनी कॅम्रा ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. आज हातपंप दिसतात त्यात त्यांचा मोठा वाटा. आमच्या शेफिल्डच्या केल्हम आयलंडमधल्या छोट्या भट्टीची 'पेल रायडर' ही एल २००४ मध्ये कॅम्राच्या स्पर्धेत ब्रिटनमधली सर्वोत्तम ठरली होती. गावातले लोक हे अजून स्वतःच्या मुलाने बोर्डात नंबर काढल्यासारखं सांगतात.

आता यातली व्यवहाराची गोष्ट. छोट्या पबात येणारं नेहमीचं पिंप फर्किन, म्हणजे नऊ गॅलन, सुमारे ४१ लिटर, ७२ पाइंट. ते एकदा फोडलं की आत हवा जाते आणि साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. म्हणून दहा हातपंप आणि चार गिऱ्हाइकं असलेल्या पबापेक्षा तीन पंप आणि भरलेली खोली केव्हाही बरी. काय घ्यावं कळत नसेल तर नेहमीची मंडळी काय पितायत ते बघा, ते पिंप ताजं असणार. एक घोट चाखायला मागता येतो, फुकट मिळतो. पण मागे माणसं उभी असताना पाच-पाच चाखत बसू नका.

एल बिघडलेली आहे की तशीच असते, हे ओळखायची खूण सोपी आहे. व्हिनेगरचा वास किंवा आंबट झोंबणारी चव आली तर पिंप संपत आलंय किंवा शिळं झालंय. दोन घोटांच्या आत ग्लास परत न्या आणि हळू आवाजात "जरा बघता का" म्हणा. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो. अर्धा ग्लास संपवून तक्रार करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. नुसती गढूळ दिसते म्हणून मात्र लगेच परत करू नका, काही एल मुद्दाम न निवळवता देतात. फेस खूप आणि एल कमी वाटली तर "थोडी भरा" म्हणायलाही लाजू नका. फक्त उत्तरेत दाट फेसाची आवड आहे, पंपाच्या तोटीला बारीक भोकांची चकती लावून तो मुद्दाम काढतात, हे ध्यानात असू द्या. आणि पंपावरची नावाची पाटी उलटी फिरवलेली दिसली तर ती एल संपली, पुन्हा पुन्हा विचारू नका.

शाकाहारी लोकांसाठी एक धक्का. पिंपातला गाळ खाली बसवायला परंपरेने आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. सगळ्याच एलमध्ये नसतं, हल्ली बऱ्याच भट्ट्यांनी सोडलंय. पाळत असाल तर 'व्हीगन आहे का' एवढं विचारा, बारवाल्याला हा प्रश्न रोजचाच. चकणा घेतानाही बघून घ्या : पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे कुरकुरीत तळलेली डुकराची कातडी, आपल्या एका कोकणस्थ मित्राने ती मक्याची समजून अर्धी पिशवी संपवली होती. साधे वेफर घेतलेत तर पिशवी मधोमध फाडून टेबलावर पसरा. एकट्याने पिशवीत हात घालून खाणं इथे जरा कंजूषपणाचं दिसतं.

ताकदीबद्दल दोन्हीकडून गैरसमज होतो. नेहमीची बिटर, म्हणजे इथली रोजची कडवट एल, साधारण चार टक्क्यांची, आपल्याकडच्या आठ टक्केवाल्या स्ट्राँगपुढे ती पाणी वाटते. पण एक पाइंट म्हणजे ५६८ मिलि, आणि तिसऱ्या पाइंटला हिशोब बरोबर जुळतो. अर्धा पाइंट मागण्यात काहीही कमीपणा नाही.

मैफल समजून येणं

"लाइव्ह म्युझिक" पाटी वाचून आपण स्टेज शोधतो. स्टेज नाही, माइक नाही, ओळख करून देणारं कोणी नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपल्याकडे पाठ असते. याला सेशन म्हणतात. ती तुमच्यासाठी वाजवत नाहीत, एकमेकांबरोबर वाजवतात. तुम्ही तिथे असलात तर त्यांना आनंदच आहे.

पहिल्याच दिवशी भरलेल्या पबात शेकोटीजवळ एक छान रिकामी खुर्ची दिसली आणि मी जाऊन बसलो. सगळं टेबल गप्प. पाच मिनिटांनी एक आजोबा फिडलची पेटी घेऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसते हसले. पुढे कळलं की ते त्याच खुर्चीत पंधरा वर्षं बसत होते. तेव्हा सेशनच्या रात्री सगळं भरलेलं असताना एकच कोपरा मोकळा दिसला तर तो मोकळा नाही. वाद्यांच्या पेट्यांवर ग्लास ठेवणं याहून वाईट.

टाळ्यांचा घोळही सगळ्यांचाच होतो. जिग आणि रील या नाचाच्या चाली. जिग सहाच्या वजनात चालते, आपल्या दादऱ्याच्या अंगाने. रीलची चाल केरव्याच्या जवळची. एक चाल साधारण तीनदा वाजवतात आणि न थांबता दुसरीत शिरतात, मग तिसरीत. चाल बदलताना खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं होतं आणि नवखा माणूस तिथेच टाळ्या पिटतो. संच संपू द्या. मध्येच टेबलावर ठेका धरणं, चमच्याने ग्लास वाजवणं तर नकोच. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. फर्माईश करू नका.

याचा दुसरा प्रकार सिंगअराउंड. तिथे एकेक जण आळीपाळीने गातो, बरेचदा साथीशिवाय. गाणं चालू असताना काउंटरवर ऑर्डर द्यायची नाही. बारवालाही हातातला ग्लास तसाच धरून थांबतो. आपल्या बैठकीत मध्येच "क्या बात है" निघतं, इथे दाद शेवटी. पण धृपद आलं की सगळ्यांनी गायचं, सुराची हमी कोणी मागत नाही. तुमची पाळी आली तर "पास" म्हणणं चालतं. गायचंच असेल तर धृपदाचं काहीतरी निवडा. एका मुलीने "विठ्ठल विठ्ठल" चा गजर धरला होता. दुसऱ्या फेरीला सगळी खोली तिच्या मागे होती, उच्चार सोडा.

एक बारीक गोष्ट : हे सगळं रात्री अकराला आटोपतं. २०१२ च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने छोट्या पबांना सकाळी आठ ते रात्री अकरा संगीतासाठी वेगळा परवाना लागत नाही. म्हणून साडेदहाला पोचून "आता रंग चढेल" म्हणू नका.

उशिरा पोचणं, आणि माझे बाबा

शेफिल्डच्या वायव्येला डंगवर्थ, वॉरल अशी टेकडीवरची गावं आहेत. नोव्हेंबरात ११ तारखेचा युद्धस्मृतिदिन झाला की नाताळापर्यंत तिथल्या पबांत स्थानिक कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गातात, रविवारी दुपारी. एकोणिसाव्या शतकात चर्चने गावातल्या गवयांना आणि त्यांच्या चालींना बाहेर काढलं, ती गाणी पबात येऊन राहिली. मेंढपाळांवरची एकच कॅरोल कितीतरी वेगवेगळ्या चालींवर ऐकायला मिळते. बाराला सुरू होतं म्हणून बाराला गेलात तर दारात पाय ठेवायला जागा नसते. तासभर आधी जा.

बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना अशाच एका पबात नेलं. बाबा माळकरी. "गुत्त्यात नेतोस होय मला?" इथपासून सुरुवात झाली. लाइम सोडा त्यांच्या हातात दिला (कोणी भुवई उंचावत नाही, निम्मे ड्रायव्हर तेच पितात). पहिली कॅरोल संपली तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते. तिसरीला म्हणाले, "हे टाळकरी आहेत रे. तो लाल स्वेटरवाला चाल धरतो, बाकीचे झेलतात." शब्द एक कळत नव्हता, पण पाचव्या कॅरोलला ते शेजाऱ्याच्या कागदात बघून ओळींची शेवटची अक्षरं गात होते.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. अठराच्या वर असलात तरी चेहरा तरुण असेल तर ओळखपत्र मागतात, पासपोर्ट नाहीतर इथलं लायसन्स ठेवा. स्वयंपाकघर पबच्या आधी बंद होतं, जेवायचं असेल तर आल्या आल्या विचारा. घंटा वाजली की ती शेवटची ऑर्डर, त्यानंतर विनवण्या करून उपयोग नाही. गाडी आणली असेल तर सरळ सोडा प्या. स्कॉटलंडला तर २०१४ पासून मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे.

आणि निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवा, हे फार आवडतं इथे. बाबांना एवढंच सांगितलं होतं. गळ्यात माळ घातलेल्या माणसाने दोन फेऱ्यांत आमच्या टेबलावरचे सगळे ग्लास उचलले, मग शेजारच्या टेबलावरचाही एक, जो अर्धा भरलेला होता आणि ज्याच्या तोंडावर पुठ्ठ्याचं बिअरमॅट ठेवलेलं होतं. त्याचा अर्थ "मी बाहेर सिगारेट ओढून येतोय." लाल स्वेटरवाला परत आला, टेबलाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मी मुकाट्याने काउंटरवर जाऊन त्याच्यासाठी पाइंट आणला.