ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) तक्रार आली तर: आधी काय, मग काय

तक्रार कानावर आली की पहिला सल्ला ठरलेला: ‘बायबलातल्या मत्तय 18 प्रमाणे आधी एकांतात बोलून घ्या.’ दोघांत बिनसलं असेल, उसने पैसे बुडवले असतील, तर हा मार्ग बरोबरच आहे. आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, शेवटी मंडळीसमोर. पण संडे स्कूलच्या मुलीने, ज्याने तिला हात लावला त्याच्याशीच एकटीने बोलावं, असा त्या वचनाचा अर्थ नव्हे.

अठरा वर्षांखालच्या मुलाचा प्रश्न असेल तर कमिटीच्या बैठकीची वाट बघू नका. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; हाताखालच्याचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ठाण्यात नोंद क्रमांक मागून घ्या. 1098 वरही मदत मिळते. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि तिथेच थांबा. मंडळीच्या पाच वडीलधाऱ्यांनी (एल्डरांनी) पाचदा विचारलं की सांगण्यात फरक पडतो, आणि कोर्टात आरोपीचा वकील नेमका तोच धरतो. आरोप असलेल्याला त्याच दिवशी मुलांच्या कामातून बाजूला करा. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव नको, ‘अमुक गल्लीतलं कुटुंब’ हेही नको.

आरोप पाळकसाहेबांवर (पास्टरवर) असेल तर बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे राहता कामा नये. सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची) मंडळी असेल तर लेखी तक्रार बिशपकडे द्या आणि पोच घ्या. कॅथलिकांत 2019 पासून प्रत्येक धर्मप्रांतात अशा लैंगिक तक्रारी घेण्याची व्यवस्था असणं सक्तीचं आहे. स्वतंत्र मंडळीला वर कुणीच नसतं. तिथे बाहेरच्या दोन जाणत्या माणसांची नावं वाद नसतानाच ठरवून ठेवावीत. ‘दोन-तीन साक्षीदार आणा’ म्हणून 1 तीमथ्य 5:19 पुढे केलं जातं. पुढचंच 20 वं वचन पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यायला सांगतं, ते मात्र सोयीने गाळतात.

पैशाचा घोळ बहुधा चोरीने सुरू होत नाही, ढिलाईने होतो. अर्पण उपासना संपताच, वेस्ट्रीतच (चर्चला लागून असलेल्या खोलीतच) मोजा. मोजणारे दोघे, एका घरातले नकोत आणि खजिनदार त्यांत नको. चिठ्ठीवर 500 च्या किती, 200 च्या किती, चिल्लर किती, खाली दोघांच्या सह्या. लिफाफे घरी नेऊन उघडायचे नाहीत. लगेच पुढच्या कामाच्या दिवशी सगळी रक्कम बँकेत. ‘त्यातूनच वीजबिल भरलं’ हे चालू दिलं की हिशेब जुळायचा थांबला म्हणून समजा. सुगीच्या अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली लावून पैसे ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा, गळती तिथेच असते.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर लेखापरीक्षण टाळता येत नाही. जमीन विकायला किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जुन्या मिशनच्या जागांबाबत हे आधी तपासा. विश्वस्तांविरुद्ध तक्रारही आयुक्तांच्याच कार्यालयात करता येते.

शिस्तीचा निर्णय इतिवृत्तात मुदतीसह लिहा. रक्कम परत केली, पश्चात्ताप केला, तर माणसाला मंडळीत घ्यावं, मुदतीनंतर प्रभुभोजनाच्या विधीलाही. खजिनदारपद आणि बँकेतली सही मात्र परत देऊ नका.