गुन्ह्याचं निकालपत्र मनाच्या अंगाने कसं वाचावं

आधी निकालपत्र मिळवा. यूट्यूबवरचा भाग असो की पेपरातली बातमी, गुन्हेगाराच्या मनात काय होतं हे छातीठोकपणे सांगितलेलं असतं. ते सांगणाऱ्याला कुठून कळलं, हे मात्र सांगितलेलं नसतं. निकालपत्रात साक्षीदार असतो आणि त्याची उलटतपासणीही. न्यायसहायक मानसशास्त्राचा, म्हणजे गुन्हा आणि खटल्यातल्या माणसांच्या मनाचा, अभ्यास तिथूनच सुरू करावा.

प्रकरण जुनं, अपील संपलेलं आणि आपल्या तालुक्याबाहेरचं निवडा. कोकणातल्या वाचनालयात बसून शेजारच्या वाडीतल्या खुनाची चर्चा केली, तर आरोपीची बहीण आणि मयताची आई दोघींनाही दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच लोकांना सामोरं जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. जिल्हा न्यायालयातलं प्रकरण न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) शोधता येतं.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, कृती, कुणी सांगितलं, अर्थ. पहिल्या वाचनात चौथा रकाना कोराच ठेवा. तो आधी भरला की बाकीचे तीन त्याच्या सोयीने भरले जातात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सरावाला नानावटी खटला घ्या. २७ एप्रिल १९५९. पत्नीने नानावटींकडे आहुजांशी असलेल्या प्रेमसंबंधांची कबुली दिली. दुपारी दीडच्या सुमारास नौदल अधिकारी नानावटी घरून निघाले, पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आधी आहुजांच्या कार्यालयात गेले, ते तिथे नव्हते, मग फ्लॅटवर. ४ वाजून २० मिनिटांनी गोळ्या झाडल्या गेल्या, आहुजा ठार झाले. ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बचाव होता गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा, म्हणजे एकदम चिथावल्याने ताबा सुटला असा. न्यायालयाने पाहिलं ते मधले जवळपास तीन तास आणि त्या तासांतली एकेक नियोजित कृती. ‘रागाच्या भरात’ हे शब्द चौथ्या रकान्यात लिहायच्या आधी पहिला रकाना वाचायची सवय या खटल्याने लागते.

वेडेपणाचा बचाव असलेलं प्रकरण जास्त अवघड. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालं आहे. प्रश्न एवढाच: कृत्य करताना, मनोविकारामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता आरोपीत नव्हती का? नुसतं निदान पुरत नाही. स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचा) रुग्णही त्या क्षणी जाणता असू शकतो. त्यामुळे कृत्याआधीचं, करतानाचं आणि नंतरचं वागणं वेगवेगळं नोंदवा. कोयता लपवला, कपडे धुतले, पळाला, तर चूक कळत असल्याची ती खूण असू शकते. पण एका खुणेवर निष्कर्ष काढू नका, भेदरलेला आजारी माणूसही पळतो.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे आधीचे कागद. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, तरी कितीतरी घरांत आजारी माणसाला आधी भगताकडे नेतात, देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मग न्यायालयात उपचाराची एकही चिठ्ठी येत नाही. कागद नाही म्हणून आजार नव्हता, असं समजू नका. जबाबात ‘त्याच्या अंगात यायचं’, ‘बाहेरचं लागलं होतं’ अशी वाक्यं भेटली की ती चौथ्या रकान्यात टाका आणि त्याखाली साक्षीदाराने प्रत्यक्ष काय पाहिलं ते शोधा: झोपत होता का, जेवण सोडलं होतं का, एकटाच बोलायचा का, घरच्यांवर संशय घ्यायचा का, कधीपासून. इथे घाई करू नका; बऱ्याचदा खरी माहिती उलटतपासणीच्या दोन ओळींत असते.

साक्षीदाराची आठवण तपासायला, निकालपत्रं मिळून वाचणारं तुमचं मंडळ असेल तर त्यात एक प्रयोग करा. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी अपघाताची चित्रफीत दाखवून एका गटाला गाड्या ‘जोरात आदळल्या’ तेव्हाचा वेग विचारला, दुसऱ्याला साधं ‘धडकल्या’ म्हणून. आठवड्याने फुटलेली काच आठवणारे पहिल्या गटात ५० पैकी १६ निघाले, दुसऱ्यात ७. चित्रफितीत काच नव्हतीच. तुम्ही बंदरावरच्या मासळी लिलावाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. निम्म्यांना विचारा, ‘दोघं भांडत होते तेव्हा टोपली कुठे होती?’, उरलेल्यांना ‘बोलत होते तेव्हा’. आठवड्याने सगळ्यांना विचारा, कुणी कुणाला ढकललं का. आठ-दहा जणांवरून टक्केवारी काढू नका, पण पोलिसांनी प्रश्न कसा विचारला हे पाहायची नजर येते.

‘आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला’ ही बातमी पुरावा नाही. पोलिसांपुढची कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. नार्को (औषधाच्या गुंगीत बोलतं करणं) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी मोजणं) संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात ठरवलं. फोटोतल्या डोळ्यांवरून ‘सायको’ ठरवणं तर सरळ बंद करा.

टिपणं मंडळाबाहेर द्यायची असतील, तर साक्षीदारांची नावं खोडून फक्त क्रमांक ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, गाव, नातं यातलं ओळख पटेल असं काहीही लिहू नका. न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे, आणि छोट्या गावात नुसत्या वाडीच्या नावानेही ओळख पटते.