विमान बदलायला मुंबईत सहा तास? पार्ल्याच्या पुढे जाऊ नका

‘सहा तासांत मुंबई’ असले सल्ले देणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सहा वाजता वाकोल्याच्या पुलावर गाडीत बसून दाखवावं. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली आणि वर सी-लिंक, ही यादी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात तुम्ही समोरच्या टेम्पोच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत बसता. दोन विमानांच्या मधल्या वेळेत मुंबई विसरा. विमानतळाला लागून असलेलं विलेपार्ले हे एक छोटं गाव आहे असं समजा आणि तेवढंच बघा.

चार तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडूच नका, आतच झोप काढा. पाच ते सात तास पार्ल्याचे. आठच्या वर असतील तर भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट दक्षिण मुंबईत कफ परेडपर्यंत जाते. टी-टूहून, म्हणजे विमानतळाच्या सहारच्या टर्मिनल दोनहून, हुतात्मा चौक पाऊण तासाच्या आसपास. तेव्हाही एकच जागा धरा, तीन नकोत.

सामानाचं आधी बघा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तर बॅगेच्या पट्टीवर शेवटच्या शहराचं नाव आहे ना, हे निघतानाच काउंटरवर विचारून घ्या. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग मुंबईत पट्ट्यावर येणार, ती उचलून पुन्हा द्यावी लागणार. परदेशातून येणाऱ्यांना कस्टम्ससाठी बहुतेक वेळा ती इथे घ्यावीच लागते. चाकांची बॅग घेऊन पार्ल्याच्या फुटपाथवर उतरू नका, फुटपाथ असला तर.

टी-वनहून, म्हणजे टर्मिनल एकहून, महामार्ग ओलांडला की पार्ले पूर्व. टी-टूहून मेट्रोने दोन स्टेशनं मागे टी-वनला या, नाहीतर रिक्षा करा. मीटरनेच जा, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे.

मासे खाणाऱ्यांनी हनुमान रोडवर गजालीत जावं, पण जेवणाच्या वेळेत. दुपारी उशिरा गेलात तर दार बंद मिळेल. बोंबील मागवा, तिसऱ्या (शिंपले) मागवा, आणि ‘पनीर आहे का’ विचारू नका. शाकाहाऱ्यांसाठी स्टेशनबाहेरचा वडापाव आहेच. गाडीसमोर उभं राहून खा. कढईतून झाऱ्यावर आलेला वडा पावात दाबताना कडेनं लसणाची लाल चटणी सांडते आणि मिठात घोळलेली तळलेली मिरची कागदावर पडते. तो कागद टाकून देण्याआधी त्यातला चुरा खाल्लात तर तुम्ही पार्लेकर.

मग पायी भटका. पार्लेश्वराचं देऊळ, १९२१ पासूनचं पार्ले टिळक विद्यालय, भाजीबाजार, गजरेवाल्या. पार्ले बिस्किटांचा जुना कारखाना इथलाच. तो २०१६ साली बंद झाला आणि गल्ल्यांमधला भाजक्या बिस्किटांचा वासही गेला. दीनानाथ नाट्यगृहात नाटक लागलेलं दिसलं तरी तिकीट काढू नका, कारण मध्यंतरात उठून जावं लागणं हे नटांवर आणि स्वतःवर अन्याय आहे. दगड-लेण्यांची आवड असेल तर अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. बौद्ध आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. सीप्झ मेट्रो स्टेशनहून रिक्षा करा, आणि उजेडातच जा.

हे सगळं सोपं. खरी गोम परतीत आहे, आणि मलाही याच टप्प्यानं सर्वांत जास्त घाम फोडलाय. लोक विमानाच्या वेळेपासून हिशोब करतात. उलटं मोजा. समजा टी-टूहून साडेसातचं विमान आहे. गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे सात वाजून पाच मिनिटं. सुरक्षा तपासणीला पाऊण तास धरा, झाले सहा वीस. टर्मिनलच्या दारावर जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात, तिथली रांग वीस मिनिटांची, सहा. बॅग द्यायची असेल तर देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर बहुधा तासभर आधीच मिटतात, म्हणून त्या रांगेचा आणखी अर्धा तास धरून साडेपाचला दारात हवं. रस्त्याचा वेळ धरून पार्ल्यातून पावणेपाचला उठायचं. बिल मागवलं म्हणजे निघालो असं होत नाही.

आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. पार्ल्यात एवढंच म्हणालात तर तो टी-वनला नेईल, त्याचं काही चुकत नाही. ‘सहार, टी-टू’ असं सांगा. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात, त्यामुळे कंपनीच्या नावावर विसंबू नका. बोर्डिंग पासवरचा टर्मिनलचा आकडा वाचा. टी-वनच्या दारात एका गृहस्थांच्या पासवरच्या ‘२’वर जवानानं बोट ठेवलं आणि त्यांच्या हातातली मिठाईची पिशवी खाली आली, हे मी शेजारच्या रांगेतून बघितलंय. दोन टर्मिनलांत रस्त्यानं चार-पाच किलोमीटर अंतर. पहाटे ते काहीच नाही, संध्याकाळी तेच विमान चुकवतं.

पाचनंतर महामार्गावर चढूच नका. फोनवरचा नकाशा अठरा मिनिटं म्हणेल, म्हणू दे. टी-वनच्या मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो, हाच माझा नियम. स्टेशनातून वर येऊन टर्मिनलच्या दारापर्यंत दहा-पंधरा मिनिटं धरा. रात्री साडेदहानंतर मात्र मेट्रोच्या भरवशावर राहू नका. रिक्षानंच गेलात तर एक लक्षात ठेवा, सहारच्या उन्नत मार्गावर रिक्षांना बंदी आहे. ती खालून जाते, तुम्हाला लिफ्टनं सर्वांत वरच्या मजल्यावर प्रस्थानाकडे जावं लागतं.

पावसाळ्यात रूळ ओलांडून पश्चिमेला जाऊ नका. जुहू कितीही जवळ वाटलं तरी नाही. मिलन सबवे आणि अंधेरी सबवे जोराच्या सरीत भरतात, आणि मग सगळी वाहनं उरलेल्या पुलांवर लोटतात. विसर्जनाच्या दिवशीही जुहूचं नाव काढू नका.

एवढं करून तपासणीनंतर अर्धा तास उरलाच, तर टी-टूच्या आतल्या भिंतींवर लावलेले जुने लाकडी दरवाजे आणि झरोखे बघत गेटकडे चाला. टी-वनला असाल तर आधी चार्जिंगची जागा पकडा.