स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं की इनबिल्टवरच भागवायचं? आधी रॅम मोजा

स्वस्तातलं कार्ड कुठलं घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, रॅमच्या स्टिक किती लावल्यात? समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. पण निम्मा घोळ तिथेच असतो. मी स्वतः एएमडीच्या रायझन ५६००जी वर (ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर) पीसी बांधला तेव्हा १६ जीबीची एकच स्टिक लावली, म्हटलं दुसरी नंतर घेऊ, आणि मग गेम अडकतोय म्हणून महिनाभर प्रोसेसरच्या नावानं खडे फोडत बसलो, चूक माझीच होती.

कारण असं की इनबिल्ट ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून खातं, आणि तीच रॅम प्रोसेसरलाही लागते. मेमरीतून सेकंदाला किती डेटा येतो-जातो याचा हिशोब एकदम सोपा आहे. रॅमचा स्पीड गुणिले ८, गुणिले किती चॅनल (चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता), उत्तर एमबीमध्ये. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी, दोन लावल्या की ५१.२. डीडीआर५ ६००० च्या दोन लावल्या तर ९६. आता कार्डांकडे बघा, २०१९ च्या जीटीएक्स १६५० ला १२८ आहे, ८ जीबीवाल्या आरटीएक्स ३०५० ला २२४, आणि इंटेलच्या आर्क बी५८० ला ४५६. गेममध्ये फक्त हाच आकडा चालतो असं नाही, पण इनबिल्टची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

म्हणून खिशात हात घालायच्या आधी हे करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. डेस्कटॉपवर एकच स्टिक असेल तर तसलीच दुसरी लावा, मदरबोर्डला चार स्लॉट असतील तर साधारण प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात (बोर्डचं मॅन्युअल बघा, आळस करू नका). मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारं बोर्डचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर पळवायचं सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम गुपचूप ४८०० वर पळत असते आणि आपल्याला पत्ता नसतो. तिथेच ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची तेही ठरवता येतं, १६ जीबी असेल तर २ जीबी पुरे, काही गेम सुरू होतानाच व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) तपासतात त्यांच्यासाठी. मग गेम १०८० वर, सेटिंग लो किंवा मीडियम, एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करायची सोय) असेल तर चालू. एवढं करून जे चालतंय त्यात समाधान असेल तर कार्ड घेऊच नका.

नसेल समाधान, तर मग कार्ड घ्या पण अगदी तळातलं घेऊ नका, कारण तळ इनबिल्टने कधीच खाऊन टाकलाय. जीटी १०३० ची डीडीआर४ वाली आवृत्ती आठवा, नाव तेच पण मेमरी जेमतेम १७ जीबी सेकंदाला, म्हणजे वरच्या एका स्टिकपेक्षाही कमी! आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही २०२२ ची कार्डं, ४ जीबी मेमरी आणि बोर्डशी बोलायला फक्त चार लेन, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटच्या जुन्या बोर्डवर मेमरी भरली की कार्ड धापा टाकतं, वर व्हिडिओ एन्कोडरही (गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायला लागतो तो) नाही. आज नवीन घेताना ८ जीबी मेमरी आणि तिच्या रस्त्याची रुंदी १२८ बिट ही माझ्या मते खालची रेघ. एक अपवाद, जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय मरतुकडा असेल तर ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटमध्ये भागते, वेगळी पॉवर केबल लागत नाही. आर्क घेणार असाल तर बोर्डला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे ना बघा, त्याशिवाय ते कार्ड नीट चालत नाही.

आणि आत्ता इनबिल्ट, पुढे कार्ड असा बेत असेल तर प्रोसेसर जपून निवडा. एएमडीचा ८५००जी कार्डाला चारच लेन देतो, ८६००जी आठ देतो. इंटेलचं एफ अक्षरवालं मॉडेल घेतलं तर इनबिल्ट ग्राफिक्सच नाही. रायझन ७००० च्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये आहे पण दोनच कंप्यूट युनिट (ग्राफिक्सचं काम करणारे गट), स्क्रीन लावण्यापुरतं, ८७००जी मध्ये तीच बारा आहेत.

पुढे काय होणार? लॅपटॉप आणि मिनी पीसीत मला तरी इनबिल्टच जिंकताना दिसतंय. एएमडीच्या २०२५ च्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ या प्रोसेसरमध्ये ४० कंप्यूट युनिट आणि २५६ बिटची मेमरी, सेकंदाला २५६ जीबी, म्हणजे ३०५० च्याही पुढे. पण त्याची रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, आणि स्वस्त तर तो अजिबातच नाही. साध्या डेस्कटॉपच्या सॉकेटला दोनच चॅनल आहेत, तिथे ग्राफिक्स कितीही तगडं बसवा, पाणी त्याच बारीक नळातून येणार. त्यामुळे डेस्कटॉपवाल्यांना मधल्या पट्ट्यातलं कार्ड अजून काही वर्षं लागेल. लॅपटॉप घेणाऱ्यांनी मात्र रॅम चिकटवलेली आहे का आणि दोन्ही चॅनल भरलेत का हे घेतानाच विचारा, चिकटवलेली असेल तर घरी आणल्यावर त्यात काहीच करता येत नाही.