धारेचा दगड घरी कसा घडवावा

निम्मं काम दगड निवडण्यातच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हाताशी असतो म्हणून लोक तोच उचलतात. त्यातल्या मुख्य खनिजांचा कठीणपणा मोहस् मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं १ ते १० असं माप) ६ च्या आसपास, आणि चांगल्या सुरीचं कडक पोलादही साधारण तिथेच. लोहाराने घडवलेला मऊ विळा त्यावर पाजवता येईल. कडक पोलादाच्या सुरीवर मात्र हात दुखेपर्यंत घासूनही फारसं काही होत नाही. जांभ्याचा तर विचारच नको.

हवी ती गार, म्हणजे क्वार्ट्झ: कठीणपणा ७. गारेच्या बारीक कणांचा बनलेला वालुकाश्म सगळ्यात सोयीचा. पण नुसती गार असून भागत नाही, कणांची एकमेकांवरची पकड बघायची. पकड ढिली असली तर कण भराभर सुटतात आणि आठवड्यात मधोमध खळगा पडतो. फार घट्ट असली, जशी क्वार्टझाइटमध्ये (दाब-उष्णतेने घट्ट झालेल्या वालुकाश्मात) असते, तर बोथट झालेले कण जागा सोडत नाहीत. दगड गुळगुळीत होतो आणि नुसता सरकू लागतो. जुने कण हळूहळू गळून खालचे ताजे वर यावेत, असा मधला दगड शोधा.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे गोंडवाना नावाच्या जुन्या खडकथरांतला वालुकाश्म मिळतो, सिंधुदुर्गात कलादगी नावाच्या थरांतला. शहरात असाल तर फरशीच्या वखारीत धोलपूर किंवा जोधपूर दगडाचे तुकडे मागा. ते आधीच करवतीने कापलेले असतात, त्यामुळे निम्मी मेहनत वाचते. गड, लेणी, देवळं आणि राखीव जंगल यांतला दगड उचलू नका.

घरी आणल्यावर चार चाचण्या. लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे (शहाबादी फरशी याच जातीची, धारेला मऊ). रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटाला चिखल लागला तर माती जास्त आहे, फेकून द्या. मग सावलीत वाळू द्या: दगड सुकला तरी एखादी रेघ ओली, काळपट राहिली तर तिथे तडा आहे. शेवटी ओल्या दगडावर जुन्या सुरीची पाठ वीसेक वेळा घासा. पाणी करडं-काळं झालं म्हणजे दगड पोलाद खातोय.

माप साधारण १८० × ५० × २५ मिमी. २० मिमीपेक्षा पातळ दगड पडला की तुटतो. थर दिसत असतील तर धार लावायची बाजू थरांना समांतर ठेवा. आडवी कापली तर पट्ट्यापट्ट्यांची झीज होते. कापण्यासाठी ग्रॅनाइटवाल्याकडे जा, त्याचं यंत्र पाणी सोडत कापतं. घरच्या हातग्राइंडरने कोरडं कापणं नकोच: गारेची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याच ग्राइंडरवर पाणी ओतलं तर विजेचा धक्का बसतो.

आता सपाटी. एकच दगड फरशीवर घासत बसलात तर फरशीही झिजते. दोन दगड एकमेकांवर घासले तर वरचा पोकळ आणि खालचा फुगीर होण्याकडे कल असतो. म्हणून तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर पेन्सिलने चौकटी आखा. छोटा चमचाभर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पूड (घासायची कठीण पूड, नंबर वाढेल तशी बारीक) आणि थोडं पाणी घालून पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला अशा जोड्या आठच्या आकड्यासारख्या फिरवा. दर दोन मिनिटांनी वरचा-खालचा बदला. पूड चिरडून आवाज मऊ झाला की नवी घाला. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, फट दिसता कामा नये. मग १२० ची पूड. बारीक कणांचा दगड असेल तर पुढे २२०. भरड दगडाला १२० वरच थांबा. त्यापुढे कणांची डोकी घासली जाऊन कापच कमी होतो. दर नंबरनंतर दगड ब्रशने वाहत्या पाण्यात धुवा, कारण अडकलेला ८० चा एक कणसुद्धा सुरीवर ओरखडे पाडतो.

कडा २ मिमी तिरप्या मारा, नाहीतर टवके उडतात. थरांचा दगड असेल तर चारही बाजूंना व्हार्निशचे दोन हात द्या, म्हणजे पाणी थरांत शिरणार नाही. वरचा-खालचा भाग उघडा ठेवा.

तेल की पाणी, हे आधीच ठरवा. एकदा तेल मुरलं की पाणी नीट शोषलं जात नाही. सच्छिद्र वालुकाश्माला पाणीच बरं: दहा मिनिटं भिजवा, सुरी दगडाशी १५ ते २० अंशांत धरा, पलीकडच्या बाजूला बोटाला बर (धारेवर वळलेली पोलादाची बारीक कोर) लागेपर्यंत घासा, मग बाजू बदला. दगड काळा पडून घसरू लागला तर उरलेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर पाण्यात दोन मिनिटं घासला की पुन्हा कापू लागतो. ते तुकडे म्हणूनच टाकायचे नाहीत.