कारचा एसी थंड करीत नसेल, तर कॉम्प्रेसरच्या आधी रिले तपासा

कारच्या एसीतून थंड हवा येईनाशी झाली की पहिला संशय गॅसवर जातो, आणि गॅस भरूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेसर बदलण्याची भाषा सुरू होते. या दोहोंच्या आधी बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समधला एक छोटासा रिले तपासून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. या तपासणीसाठी गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही, साधा मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब आणि रोध मोजणारे यंत्र, पुरतो आणि दोष रिलेत नसला, तरी तो पुढे कोठे शोधायचा याची दिशा तिथेच मिळते. मात्र ही तपासणी अंदाजाने न करता मोजमापाने करावी. रिलेचा ‘टक’ असा आवाज आला म्हणजे रिले चांगला आहे, ही समजूत अनेकांची वाट चुकवते.

रिले हा विजेवर चालणारा स्विच असतो. त्याच्या आतील कॉइलमधून अगदी थोडा, साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह गेला की चुंबकत्व निर्माण होते, पत्ती ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट जुळून कॉम्प्रेसरच्या क्लचला (पट्ट्याने फिरणारी पुली कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या विजेच्या चुंबकाला) लागणारा ३ ते ५ अँपिअरचा प्रवाह वाहू लागतो. एसीचे बटण दाबल्यावर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, गॅसचा दाब, कूलिंग कॉइलचे (आतली हवा गार करणाऱ्या जाळीचे) तापमान आणि इंजिनाचे तापमान पाहतो आणि सारे ठीक असेल तरच रिलेच्या कॉइलला ‘अर्थ’ (बॅटरीच्या ऋण बाजूची जोडणी) देतो. त्यामुळे रिले ओढला न जाण्याची कारणे दोन प्रकारची असू शकतात: रिले स्वतः बिघडलेला असतो, किंवा त्याला आज्ञाच मिळालेली नसते. पुढची सगळी तपासणी हा फरक ओळखण्यासाठी आहे.

एसीशी संबंधित रिले बहुधा एकाहून अधिक असतात, म्हणून आधी तक्रार नीट ऐकावी. हवा येते पण थंड नसते आणि कॉम्प्रेसरच्या पुलीचा पुढचा भाग फिरत नाही, असे असेल तर क्लचच्या रिलेकडे पाहावे. गाडी धावताना गारवा मिळतो, पण सिग्नलला थांबली की हवा कोमट होते, तेव्हा कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पंख्याचा रिले संशयित ठरतो. पंखा न फिरल्यामुळे गॅसचा दाब वाढतो आणि संरक्षणासाठी कॉम्प्रेसर बंद केला जातो. जाळीतून हवाच येत नसेल तर ब्लोअरचा रिले किंवा फ्यूज पाहावा. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर दोष रिलेचा नसून बहुतेक वेळा ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरचा असतो.

कामाला लागण्यापूर्वी आपल्या गाडीत ही पद्धत लागू आहे का, हे पाहून घ्यावे. अनेक नव्या गाड्यांतील कॉम्प्रेसरला क्लच नसतो. तो सतत फिरतो आणि आतील झडपेने त्याची क्षमता कमीजास्त होते. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तिथे नारिंगी आवरणाच्या तारांना घरी हात लावू नये. काही गाड्यांत रिले फ्यूज बॉक्सच्या आतील पाटीवर डाखलेला असतो आणि तो उपसून काढता येत नाही. इतर गाड्यांत रिलेची जागा फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतील नकाशावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. रिले उपसताना इग्निशन बंद ठेवावे आणि तो पकडीने चिरडू न देता हलकेच डोलवत सरळ वर काढावा. इंजिन चालू असताना करायच्या मोजमापांत हात, कपडे आणि मीटरच्या तारा पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवाव्यात. रेडिएटरचा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो.

सर्वांत आधी फ्यूज पाहावा. तो उडालेला असेल तर त्याच क्षमतेचा नवा घालावा, आणि तोही लगेच उडाला तर तिथेच थांबून शॉर्ट शोधावा. मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालून काम भागवणे म्हणजे फ्यूजऐवजी तार जाळण्याची तयारी करणे आहे. फ्यूज चांगला असेल तर अदलाबदलीची चाचणी करावी. त्याच फ्यूज बॉक्समध्ये अनेकदा हॉर्नसाठी किंवा दिव्यांसाठी तंतोतंत तसाच रिले असतो. दोन्हींवरील भाग क्रमांक आणि आकृती जुळत असेल तरच अदलाबदल करावी. नुसता आकार सारखा असून भागत नाही, कारण पिनांची मांडणी वेगळी असू शकते. अदलाबदलीनंतर एसी सुरू झाला, तर रिले दोषी असण्याची शक्यता मोठी आहे. मोठी म्हणतो, खात्रीची नाही. कारण सॉकेटमधील सैल पट्टी नुसत्या काढघालीनेही तात्पुरती पकड घेते आणि दोष गेल्यासारखा वाटतो. म्हणून जुना रिले पुन्हा बसवून तक्रार परत येते का, हे पाहावे.

आता मुख्य मोजमाप. प्रमाणित रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० हा पुरवठा आणि ८७ हा क्लचकडे जाणारा मार्ग असतो. पाच पिनांच्या रिलेत ८७ए ही विश्रांतीच्या स्थितीत ३० ला जोडलेली जादा पिन असते. बऱ्याच जपानी गाड्यांतील छोट्या रिलेवर १ आणि २ ही कॉइलची, तर ३ आणि ५ ही कॉन्टॅक्टची टोके असतात. शंका आली तर रिलेच्या आवरणावर छापलेली आकृती प्रमाण मानावी.

रिले काढून इग्निशन चालू करावे आणि मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. सॉकेटमधील ३० च्या घरात बॅटरीइतका, म्हणजे सुमारे १२.६ व्होल्ट दाब मिळायला हवा. तो नसेल तर दोष पुरवठ्याच्या बाजूला आहे. ८६ वर इग्निशनसह तेवढाच दाब मिळावा. त्यानंतर इंजिन आणि एसी सुरू करून लाल तार बॅटरीच्या धन टोकाला व काळी ८५ च्या घरात लावावी. बॅटरीइतका दाब दिसला तर ईसीएम अर्थ देत आहे, म्हणजे आज्ञा मिळत आहे. काही गाड्यांत ही व्यवस्था उलटी असते, अर्थ कायमचा असतो आणि धन बाजू नियंत्रित केली जाते. काही ईसीएम तर रिले जागेवर नसल्याचे ओळखून आज्ञाच देत नाहीत. तेव्हा हे माप रिले बसवून, मागच्या बाजूने तारेवर घ्यावे. ईसीएमकडे जाणाऱ्या तारेवर बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये, कारण त्याचा प्रवाह आतील ट्रान्झिस्टरला झेपेलच असे नाही.

इंजिन आणि इग्निशन बंद करून ८७ च्या घरातून बॉडीपर्यंतचा रोध मोजावा. क्लचची कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. मीटर अनंत दाखवत असेल तर तार किंवा क्लचची कॉइल तुटलेली आहे, आणि जवळपास शून्य दाखवत असेल तर शॉर्ट आहे. अशा वेळी नवा रिले बसवण्यात अर्थ नाही. रोध योग्य असेल तर फ्यूज असलेल्या जंपर तारेने ३० आणि ८७ ही घरे क्षणभर जोडावीत. हे इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन चालू करून करावे. क्लच ‘टक’ असा चिकटला तर क्लच आणि त्याची तार ठीक आहे. इंजिन चालू ठेवून असा जंपर लावून ठेवू नये, कारण कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबर फिरते आणि गॅस संपलेला असताना तो जबरदस्तीने फिरवला तर आतून झिजून निकामी होतो.

हातात काढलेल्या रिलेची तपासणी सोपी आहे. ८५ आणि ८६ यांच्यामधील रोध बहुतेक १२ व्होल्टच्या रिलेत ६० ते १०० ओहमच्या आसपास मिळतो. कॉइलला १२ व्होल्ट दिल्यावर ३० आणि ८७ यांच्यामध्ये रोध जवळपास शून्य यायला हवा आणि पुरवठा काढताच मार्ग तुटायला हवा. आत डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) असेल तर आकृतीप्रमाणेच धन-ऋण जोडावे. उलट जोडल्यास डायोड जळतो.

खरी अडचण येते ती मध्येच चालणाऱ्या आणि मध्येच बंद पडणाऱ्या रिलेची. सकाळी एसी उत्तम चालतो आणि अर्ध्या तासाने रुसतो, तेव्हा उष्णता हा मुख्य धागा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. बोनेटखालचे तापमान २५ वरून १०५ अंशांवर गेले की कॉइलचा रोध जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो, तिचा प्रवाह घटतो आणि ओढ कमकुवत होते. ठिणग्यांनी खड्डे पडलेले, काजळी धरलेले कॉन्टॅक्ट थंड असताना कसेबसे काम करतात, पण त्यांच्यातही रोध साचलेला असतो. हा दोष ओहमच्या मापात पकडता येत नाही, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो. तो भार असतानाच मोजावा लागतो: एसी चालू असताना, रिले बसलेला असताना, मीटरची एक तार ३० च्या तारेवर आणि दुसरी ८७ च्या तारेवर लावावी. ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसले तर चांगले. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा गेला तर रिले किंवा त्याचे सॉकेट सदोष आहे. हिशेब असा, की ४ अँपिअरला वाटेत चतुर्थांश ओहम रोध आला, तर १ व्होल्ट वाया जातो आणि ४ वॉट उष्णता त्या इवल्याशा जोडावर तयार होते. त्या उष्णतेने जोड आणखी बिघडतो आणि क्लचला मिळणारा विजेचा दाबही घटतो. दोष हजर असताना रिलेवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर कॉम्प्रेसर सुरू झाला, तर रिलेवरचा संशय बळकट होतो. एसी ठीक चालत असताना केस वाळवण्याच्या यंत्राने रिले गरम करून दोष घडवूनही आणता येतो.

उलटा दोषही असतो. कॉन्टॅक्ट वितळून चिकटले की एसी बंद केला तरी कॉम्प्रेसर फिरतच राहतो, कूलिंग कॉइलवर बर्फ साठतो आणि हवेचा जोर हळूहळू मंदावतो. रिलेला थेट बॅटरीचा पुरवठा असेल, तर गाडी उभी असतानाही क्लच प्रवाह ओढत राहून बॅटरी उतरू शकते. रिले उपसताच क्लच सुटला तर रिलेवरचा संशय बळकट होतो.

रिले कधीही उघडून घासू नये. कॉन्टॅक्टवरील धातूचा थर गेला की तो पुन्हा लवकर बिघडतो. नवा रिले त्याच क्रमांकाचा, त्याच क्षमतेचा आणि जुन्यात डायोड किंवा रेझिस्टर असेल तर तोही असलेला घ्यावा, कारण कॉइल बंद होताना उसळणाऱ्या विजेच्या दाबापासून ईसीएमचे रक्षण तोच भाग करतो. बसवण्यापूर्वी सॉकेट उजेडात पाहावे. हिरवट गंज असेल तर बॅटरीचे ऋण टोक काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. पट्टी सैल असेल तर ती घट्ट करावी, आणि प्लास्टिक वितळलेले असेल किंवा पट्टी काळी पडली असेल तर ते टोक बदलावेच. नाहीतर नवा रिलेही त्याच जागी जळेल.

रिले, सॉकेट आणि क्लच तिन्ही ठीक असूनही आज्ञा मिळत नसेल, तर पुढचा शोध गॅसचा दाब, दाबाचा सेन्सर आणि कूलिंग कॉइलचे तापमान ओळखणारा थर्मिस्टर यांचा. आर-१३४ए गॅस असलेल्या यंत्रणेत, गाडी बराच वेळ बंद असताना ३० अंश तापमानाला सुमारे ६.७ बार दाब दिसावा. तो फारच कमी असेल तर गळती आहे आणि ते काम गॅसची यंत्रे असलेल्या तंत्रज्ञाचे आहे.

दुरुस्तीनंतर एसी पूर्ण क्षमतेवर ठेवून इंजिन चांगले तापेपर्यंत चालू द्यावे आणि त्यानंतर ३० व ८७ यांच्यामधील व्होल्टेज पुन्हा मोजावे. गरम अवस्थेतही आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला आणि एसीच्या बटणाबरोबर क्लच दर वेळी नीट जोडला-सुटला, तरच फ्यूज बॉक्सचे झाकण लावावे.